शालनबाय आणि वाऱ्याची बाजू

कुणाशी बोलायला उभी राहिले की मी आधी वारा कुठून येतो ते बघते आणि गुपचूप त्याच्या खालच्या बाजूला सरकते. नातीला वाटतं आजीचा तोल जातो. ती माझा दंड धरते. मी धरू देते. म्हातारपणी मिळणारे फुकटचे लाड सोडू नयेत. पण तोलबिल काही जात नाही माझा. ही सवय मला गोव्यातल्या मये गावच्या सड्यावर, तिथल्या कातळाच्या माळावर लागली, आणि ती लावणारी बाई जाऊन पुष्कळ वर्षं झाली. मध्यंतरी ती मोठी साथ आली तेव्हा टीव्हीवरची माणसं सांगायला लागली, अंतर ठेवा, खिडक्या उघडा, हवा खेळती ठेवा. घरातले सगळे काहीतरी नवीन कळल्यासारखे ऐकत होते. मी म्हटलं, हे मला कोंबड्यांच्या निमित्तानं कधीच शिकवून झालंय. कुणी लक्ष दिलं नाही. शालनबायकडेही कुणी दिलं नव्हतं.

मी मूळची वास्कोची. वडील बंदरात नोकरीला, त्यामुळे आगबोटी, रेल्वे आणि विजेचे दिवे ही माझ्या माहेरची इस्टेट असल्यासारखी मी वागत असे. गोवा मुक्त होऊन काही वर्षं झाली होती. लग्न होऊन मये गावात उतरले ती साधारण गावावर उपकार करायलाच. नवरा डिचोलीकडच्या एका खाणीवर नोकरीला, घरात सासूबाई, अंगणात त्यांच्या सात पिढ्यांच्या गावठी कोंबड्या, आणि मी उंच टाचांच्या चपला घालून शेणानं सारवलेल्या खळ्यातून चालतेय. दर चार पावलांवर एक भोक. सासूबाई दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, आता भोकं पाडलीसच तर वालाच्या बिया टाक त्यांत.

त्याच वर्षी चवथीला, म्हणजे गणपतीत, त्यांनी माझ्या हातात नेवऱ्यांचं, आमच्या करंज्यांचं, ताट दिलं आणि सांगितलं, वर सड्यावर शालनबायकडे देऊन ये. मी नायलॉनची साडी नेसले, मानेपर्यंत पावडर थापली, आणि चढ चढून गेले. वर तांबड्या कातळाचं मोकळं रान, त्यात एक फाटक, फाटकाच्या आत लांब अंतरावर दोन शेडी. चारी कोपऱ्यांवर उंच बांबू आणि त्यांना साडीच्या चिंध्या बांधलेल्या, लाल, पिवळ्या, जांभळ्या, वाऱ्यावर फडफडणाऱ्या. मला वाटलं जत्रा आहे.

एक उंच, हडकुळी बाई पदर खोचून बाहेर आली. फाटकाच्या बरीच आत थांबली. आधी चिंध्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि ओरडली, "वाऱ्याखाल रव गो!"

मला कळेना. तिनं हातानं दाखवलं: त्या बाजूला नको, ह्या बाजूला. मी सरकले. "अजून," ती म्हणाली. मी अजून सरकले, एक टाच कातळाच्या भेगेत अडकली. मग तिनं फाटकाजवळच्या एका सपाट दगडाकडे बोट केलं. "ताट थंय दगडार ठेव आणि वच. मांयक सांग, पावलें म्हणून." मांय म्हणजे माझ्या सासूबाई.

मी धुमसत खाली आले. सासूबाईंना सांगितलं, त्या बाईला माझ्या पावडरीचा वास सोसला नाही, मला कुत्र्यासारखं हाकललं, मी पुन्हा जाणार नाही. वास्कोला मोठमोठ्या ऑफिसरांच्या बायका मला बाल्कांवात, म्हणजे पुढच्या ओसरीवर, बसवून सरबत देत, वगैरे. (एकीनं दिलं होतं. एकदा. तेही तिच्या कुत्र्याला मी ओळखत होते म्हणून.) सासूबाई खोबरं खवत होत्या. त्या हसून हसून लाल झाल्या, मग खोबरं बाजूला ठेवून त्यांनी मला शालनबायची गोष्ट सांगितली.

शालनबाय पेडण्याकडची, केरीची. समुद्रावरच्या घरात वाढलेली. लग्न होऊन इकडे आली, मूलबाळ झालं नाही, आणि नवरा तरुणपणीच गेला. केरीचा भाऊ न्यायला आला होता. ती गेली नाही. भावाच्या घरी जाऊन वहिनीच्या चुलीपुढे दुसरी बाई म्हणून उभं राहायचं तिच्या मनाला येईना. नवऱ्याच्या नावावर सड्यावरची ही कातळजमीन होती, जिच्यावर गवतसुद्धा लाजत उगवतं. तिथं तिनं अंड्यांच्या कोंबड्या पाळल्या. दोन शेडी, एकीमागे एक. त्या काळी एकट्या बाईनं असलं काही करायचं म्हणजे गावाला वर्षभर पुरेल एवढं बोलणं.

पहिल्या वर्षी पुढच्या शेडीत मानमोडी आली. कोंबड्या तोंड उघडून श्वास घेत, मग मान वळत वळत पाठीवर जाई आणि संपत. शालनबायनं पुढची शेड लगेच बंद केली. तिथं ती स्वतः जाई, मागच्या शेडीत तिची कामकरीण रुक्मा. दोघींची भांडी वेगळी, चपला वेगळ्या, दारात चुन्याचं पाणी. पुढचं माणूस मागे गेलं नाही, मागचं पुढे आलं नाही. तरी काही दिवसांनी मागची शेडही खोकू लागली. सगळ्या गेल्या. खड्डा खणून चुना टाकून पुरल्या. गाव म्हणालं, सड्याच्या राखणदाराला, जागा राखणाऱ्या देवाला, विचारल्याशिवाय तिथं बस्तान मांडलं, त्यानं नेल्या. सरकारी गुरांचे दोतोर आले, ते म्हणाले, रोग आजारी कोंबडीच्या श्वासातून आणि तुसाच्या धुळीतून उडतो, आणि तुमची मागची शेड पुढच्या शेडीच्या वाऱ्यात उभी आहे. माणसाला तुम्ही थांबवलंत, वाऱ्याला कोण थांबवणार?

भाऊ पुन्हा आला. या खेपेला जीप घेऊन. शालनबाय त्याला म्हणाली, एकदा आणखी करून बघते. परत गेल्या तर मी आपण होऊन केरीला येईन, शब्द देते.

"म्हणून ती वाऱ्याकडे बघते," सासूबाई म्हणाल्या. "आपल्या अंगणात कोंबड्या. तुझ्या लुगड्याला त्यांची पिसं. तू वाऱ्याच्या वर उभी राहिलीस की ते सगळं तिच्या शेडीत. पावडर लाव हवी तेवढी."

तर असं ते होतं. माझ्या रूपाकडे त्या बाईनं बघितलंच नव्हतं, याचं मला तिनं हाकलल्यापेक्षा जास्त वाईट वाटलं.

पुढे मी तिच्याकडे अंडी निवडायला जाऊ लागले. फाटकाच्या बाहेरच एक खोली होती, तिथं रुक्मा टोपल्या आणून ठेवी, मी तडकलेली वेगळी काढून बाकीची कागदी खोक्यांत भरत असे. जाण्याआधी आंघोळ, धुतलेलं लुगडं, आणि चपला तिथल्या. उंच टाचा गेल्या. रुक्मा सावंतवाडीकडची, नवरा खाणीवर मजूर. ती मला म्हणाली होती, बाई वायट नाय, पण तिच्याशी बोलूक गळो व्हयो. खरं होतं. शालनबाय नेहमी लांबून बोले, म्हणून नेहमी ओरडून बोले. "मीठ संपला!" हेसुद्धा ती अशा आवाजात सांगे की खालच्या वाड्यावर लोकांना कळे की सड्यावर आज अळणी आहे. मी तिला भांडखोर समजत असे.

मला ती "वास्कोकान्न" म्हणे, वास्कोची बाई. शेवटपर्यंत. माझं नाव तिला माहीत होतं की नाही, देव जाणे.

तिनं मागची शेड पाडून पुन्हा बांधली होती. आता दोन्ही शेडी शेजारी शेजारी होत्या, मध्ये भलंमोठं अंतर ठेवून, अशा की सकाळचा मतलई असो की दुपारचा खारा वारा, तो दोघींच्या बाजूबाजूनं निघून जावा, एकीतून दुसरीत शिरू नये. पावसाळ्यात मात्र वारा तिरका येतो. म्हणून मधल्या जागेच्या दोन्ही कडांना तिनं कातळ फोडून, माती घालून बांबू आणि मेंदी लावली. ती वाढेपर्यंत दोऱ्यांवर ओली गोणपाटं टांगली. ती सुकली की पुन्हा ओली करायची, दिवसभर तेच. त्या मधल्या जागेत कुणी पाऊल टाकायचं नाही. रुक्मानं नाही, दोतोरांनी नाही, तिनं स्वतःही नाही. एका शेडीतून दुसरीत जायचं तर बाहेरून मोठा वळसा.

एकदा तिनं मला लांबूनच मेंदीची एक फांदी दाखवली. खाणीचे ट्रक सड्याच्या कडेनं जात, त्यांची तांबडी धूळ सगळीकडे बसे. फांदीच्या बाहेरच्या अंगाची पानं विटेच्या रंगाची होती, आतल्या अंगाची हिरवी. "बघ," ती म्हणाली. "धुल्लो हंय थांबलो." एवढंच. पण लेकाचा पहिला नंबर आल्यासारखं तिचं तोंड झालं होतं.

तूस परतायचं काम ती वाऱ्याला विचारल्याशिवाय करत नसे. शेडीत जमिनीवर भाताच्या तुसाची गादी असते, ती हलवली की धूळ उठते. ती आधी चिंधीकडे बघे. चिंधी सरळ लोंबत असेल तरच हात लावायचा. नाहीतर फावडं घेऊन भिंतीला टेकून थांबायचं, अर्धा अर्धा दिवससुद्धा. खालून जाणारे लोक म्हणत, शालनबाय वाऱ्याची वाट बघते. म्हणताना डोळा मारत. गावाला विनोद पुरवण्याच्या बाबतीत आम्ही दोघी त्या काळात बरोबरीनं होतो. माझ्या टाचा आणि तिचा वारा.

पोदेर रोज सकाळी सायकलवर पाव घेऊन दारोदार फिरे, आणि दारोदार म्हणजे कोंबड्याकोंबड्यांतून. म्हणून तिचे उंडे, गोल पाव, तो खालच्या आंब्याला टांगलेल्या डब्यात टाकी आणि भोंपू वाजवून निघून जाई. ती तो भोंपू ऐकून हात वर करी. त्याला दिसत नसे. तरी करी.

आता त्या चिंध्यांचं सांगते, कारण सगळं तिथूनच बिघडलं.

सड्यावरून डिचोलीकडे उतरणारा रस्ता वाईट होता. एकदा माल भरलेल्या ट्रकचे ब्रेक त्या उतारावर गेले आणि ट्रक नेमका शालनबायच्या कोपऱ्यावरच्या बांबूपाशी दगडाला अडकून थांबला. ड्रायव्हर सिंधुदुर्गातला. त्यानं खाली उतरून बघितलं तर वर लाल चिंधी फडफडतेय. आमच्याकडे झाडाला फडकं बांधलेलं दिसलं की माणूस आधी हात जोडतो, मग विचारतो कोण देव. त्यानं विचारलंही नाही. दुसऱ्या दिवशी तिथं नारळ आला. मग विडी. मग पाव आणि सोऱ्याची, म्हणजे दारूची, अर्धी बाटली, कारण राखणदार म्हटला की त्याला सोरो, रोट, विडी लागतेच. महिन्याभरात सगळे ड्रायव्हर तिथं थांबून भोंपू वाजवू लागले.

शालनबाय ओरडून सांगे, "देव ना रे थंय! वाऱ्याच्यो चिंध्यो त्यो!" ते आणखी भक्तीनं हात जोडत. रुक्मा नारळ उचलून आमटीत घाली. शालनबायला नारळाचं काही वाटत नव्हतं. नारळ शिंकत नाही, ती म्हणे.

मग एके सकाळी कोंबडा आला.

कुणी नवस फेडला ते शेवटपर्यंत कळलं नाही. तांबडा, तुरेबाज, काथ्यानं बांबूला बांधलेला, गळ्यात जास्वंदीचं फूल. आणि बांबू वाऱ्याच्या वरच्या कोपऱ्यावरचा. त्याच्या पलीकडेच पहिली शेड. मी अंडी निवडायला पोचले तर शालनबाय लांब उभी होती, आणि पहिल्यांदाच ती ओरडत नव्हती. कोंबड्याचा एक डोळा मिटलेला होता. श्वास घेताना गळ्यातून घरघर येत होती, चूल फुंकताना फुंकणीतून येते तशी.

तिला त्याच्याजवळ जाता येत नव्हतं, रुक्मालाही नाही. दोघींना शेडीत जायचं होतं. तिनं माझ्याकडे बघितलं. मी आयुष्यात कोंबडा धरलेला नव्हता. वास्कोला कोंबडा थेट रश्श्यात भेटत असे. पण त्या बाईच्या तोंडाकडे बघून मी पदर खोचला आणि गेले. पुढचं वर्णन करत नाही. एवढंच सांगते, कोंबडा आजारी होता आणि तरीही पहिल्या दोन खेपा तोच जिंकला. तिसऱ्या खेपेला मी त्याच्यावर लुगड्याचा पदर टाकून स्वतःच पडले. रुक्मा लांबून हसत होती. शालनबाय हसली नाही.

खाली आणला, तर घरात घ्यायला कुणी तयार नाही. देवाला सोडलेला, तो मारायचा नाही, खायचा नाही, अंगणात तर मुळीच नाही. शेवटी दोतोर आले, पहिले बदलून गेले त्यांच्या जागी आलेले. ते माझ्याहूनही नवे होते, मिशी पुरती फुटायची होती. त्यांनी कोंबड्याला बघून मान हलवली आणि पोत्यात घालून बरोबर नेला. राखणदाराचा कोंबडा सरकारी जीपमधून गेला, एवढा मान गावात दुसऱ्या कुणाला मिळाला नव्हता. जाताना दोतोर फाटकाशी थांबून म्हणाले, लस दिलेली आहे, पण लस म्हणजे शपथ नव्हे. पहिल्या शेडीत आता येईल ते येईल. दुसरी वाचली तर तुमच्या त्या मधल्या जागेनं वाचेल.

त्या दिवसापासून शालनबाय पहिल्या शेडीत गेली आणि रुक्मा दुसऱ्या. झोपणं, जेवणं सगळं आपापल्या बाजूला. चिंध्या मात्र, पुन्हा कुणी तिथं काही बांधू नये म्हणून, तिनं सगळ्या सोडून काढल्या, एक ठेवली, आतल्या बाजूची.

थोड्याच दिवसांत पहिली शेड खोकू लागली.

मी रोज दुपारी जात असे. फाटकाशी, खालच्या बाजूला. ती खड्डा खणत असे. कातळात खड्डा म्हणजे काय ते ज्यानं खणलाय त्याला विचारा. टोपली भरून आणायची, चुना, माती, पुन्हा टोपली. मी मदतीला येऊ का म्हटलं तर फावडं उगारून दाखवलं. एका दुपारी ती थांबली आणि मला हाक मारली. म्हणाली, "भायल्यान वळसो घाल. रुक्माच्या शेडीच्या फाटल्यान वच, खालच्या आंगान. उबी रव, आयक, आणि माका येवन सांग."

मी म्हटलं, रुक्माच ओरडून सांगेल की.

"रुक्मा माका फटयतली," ती म्हणाली. "तिका माजी दया येता. तुका फटी मारपाक जमना."

मला खोटं बोलता येत नाही, ही मी माझी स्तुती समजून वळसा घालायला निघाले. अर्ध्या वाटेत कळलं की बाईनं मला बावळट म्हटलंय.

दुसऱ्या शेडीच्या मागे, कुंपणाबाहेर, करवंदीच्या जाळीत उभी राहिले आणि कान दिला. अंडं घातल्यावर कोंबडी जो गाजावाजा करते तो तुम्ही ऐकला असेल. जगात आजवर कुणी घातलंच नव्हतं असा. तसल्या शेकडो एकदम चालल्या होत्या. एक थांबली की दुसरी. मध्येच भांडण, मध्येच रुक्माची शिवी. मी माहेरी चर्चच्या सणाला बॅण्ड ऐकलेत, बोटींचे भोंगे ऐकलेत. एवढं बरं मला काहीच वाटलं नव्हतं. मी वळशानं पळत परत आले आणि सांगितलं, "नुसत्या बोंबलतायत!"

शालनबाय उलट्या बादलीवर बसली. मागे तिची शेड होती, आणि त्या शेडीतून काहीच आवाज येत नव्हता.

"परत सांग," ती म्हणाली.

मी परत सांगितलं. मग ती रोज विचारू लागली आणि मी रोज ऐकून येऊन सांगू लागले. पुढेपुढे मी नकला करून दाखवत असे, एक कोंबडी कशी, दुसरी कशी. रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रकवाल्यांनी मला बघितलं असणार, फाटकाशी उभी राहून आरवणारी वास्कोची बाई. त्यांना राखणदारानं झपाटलेली वाटले असेन.

पहिल्या शेडीतल्या मूठभर वाचल्या. दुसऱ्या शेडीत एकही खोकली नाही.

बातमी केरीला पोचली ती अर्धीच. भाऊ जीप घेऊन आला. शालनबाय उभी होती फाटकाच्या आत, अंगावर चुन्याचे डाग, हाताला फोड. भाऊ आल्या आल्या म्हणाला, शब्द दिला होतास. ती म्हणाली, परत सगळ्या गेल्या तर, असा दिला होता. अर्ध्या उरल्यात. भाऊ चिडला. म्हणाला, मग अर्धी तरी चल.

"अर्दी बायल घरांत घेवन कितें करतलो?" ती म्हणाली. मग दोन पावलं पुढे आली. "दादा, गेल्या खेपेक हो वारो सगळ्यो घेवन गेलो. हे खेपेक ताका हंय थांबयलो. आतां हांव येवची ना."

भाऊ काहीतरी बोलायला तोंड उघडत होता. तिनं चिंधीकडे बघितलं.

"आणि वाऱ्याखाल रव," ती म्हणाली.

भावानं केरीहून आणलेली सुक्या बांगड्यांची पिशवी दगडावर ठेवली आणि जीप वळवली. उतारावरून धूळ उडेनाशी होईपर्यंत ती बघत राहिली. मला वाटलं होतं आज तरी ही हसेल. ती आत गेली आणि गोणपाटं ओली करायला लागली.

गावाचं म्हणणं वेगळंच पडलं. राखणदारानं अर्ध्या नेल्या, अर्ध्या राखल्या. म्हणजे देव जागृत आहे. कोपऱ्यावर नारळांची रास झाली, आणि आता एक सोडून दहा कोंबडे येणार हे दिसत होतं. शालनबायनं दोन दिवस विचार केला. मग तिनं खालच्या अंगाला, फाटकाच्याही बऱ्याच खाली, उताराच्या पायथ्याशी एका वडाखाली दगड मांडला, त्याला शेंदूर लावला, पणती ठेवली, फांदीला लाल चिंधी बांधली. आणि रुक्माकरवी गावात सांगितलं की राखणदार स्वप्नात आला होता, वर त्याला वारा बाधतो, तो खाली जाऊन बसलाय. लोकांना ते एकदम पटलं. पुढे तिथं सिमेंटचा चौथरा झाला. अजून आहे. मी त्या वाटेनं गेले की हात जोडते. कुठला देव ते मला ठाऊक आहे, तरी जोडते. त्यालासुद्धा तिनं वाऱ्याखाली उभं केलं.

मग वर्षं गेली. तिच्या कोंबड्या टिकल्या. लोक लांबून लांबून बघायला येत, आणि तीही त्यांना लांबूनच दाखवे. पण लग्नाला, मुंजीला, चवथीला, जत्रेला ती कुणाकडे गेली नाही. कारण गावात कोंबड्या नसलेलं अंगण नव्हतं. माझ्या थोरल्याच्या बारशाला ती आली तेवढी. आली म्हणजे आमच्या समोरच्या गल्लीत, गडग्याच्या, दगडी कुंपणाच्या, पलीकडे उभी राहिली. नवं लुगडं नेसून, केसांत अबोलीचा वळेसर माळून. सासूबाईंनी बाळाला बाल्कांवात उंच धरलं. ती बघत राहिली. मग ओरडली, नाक कोणाचं? सासूबाई ओरडल्या, बापाचं. ती ओरडली, बरं झालं. सगळा वाडा हसला. मीही हसले, माझं नाक काही इतकं वाईट नव्हतं. गडग्यावर बाळासाठी एक गोधडी ठेवून ती गेली. नंतर बघितलं तर ती त्या वाऱ्याच्या चिंध्यांची शिवलेली होती, धुऊन धुऊन मऊ झालेली.

रुक्मा नवऱ्यामागून गावी गेली. सासूबाई गेल्या. बाहेरून मोठ्या कंपन्यांची अंडी ट्रकांनी येऊ लागली. शालनबायचे गुडघे गेले, वळसा घालणं होईना. एका पावसाळ्याआधी तिनं शेवटच्या कोंबड्या विकल्या, आणि पुन्हा आणल्या नाहीत. केरीला मात्र गेली नाही.

त्या चवथीला मी नेहमीप्रमाणे नेवऱ्यांचं ताट घेऊन वर गेले. सवयीनं फाटकाशी खालच्या बाजूला उभी राहिले, सवयीनं ताट दगडावर ठेवलं. ती दिसेना. मग मेंदीतून हात दिसला, या म्हणून हलवणारा. मी त्या फाटकातून कधी आत गेले नव्हते. पाय उचलेना माझा. हात पुन्हा हलला.

ती मधल्या जागेत बसली होती. जिथं कुणी पाऊल टाकायचं नव्हतं तिथं गुडघ्याइतकं गवत माजलं होतं, आणि गवतात तिनं लाकडी कदेली, म्हणजे खुर्च्या, मांडल्या होत्या. दोन. दोन्ही बाजूंना बांबू आता शेडींहून उंच झालेले, आणि शेडींत काही नाही. एक कदेल तिनं मला दाखवली. मी चिंधीकडे बघितलं. ती कदेल वाऱ्याच्या वरची होती. मी दुसरीकडे वळले तर तिनं मान हलवली आणि स्वतः खालच्या कदेलीवर बसली.

ती काहीतरी बोलली. मला ऐकू आलं नाही. मी म्हटलं, काय? ती पुन्हा बोलली, आणि पुन्हा ऐकू आलं नाही. मला कदेल पुढे ओढावी लागली, गुडघ्याला गुडघा लागेपर्यंत. तेव्हा कळलं की तिचा आवाज बारीक होता. मुलीसारखा बारीक, थोडा घोगरा. इतकी वर्षं मी ज्या बाईला ओळखत होते तिचा आवाज मी ऐकलाच नव्हता.

ती म्हणत होती की नेवऱ्या दर वर्षी दगडावरून उचलून नेईपर्यंत गार व्हायच्या. म्हणून मी ताट तिच्या मांडीवर दिलं. तिनं एक खाल्ली, सावकाश. वारा गावाकडून येत होता, माझ्या अंगावरून तिच्याकडे. तिनं डोळे मिटले आणि नाक वर केलं, वास घेताना करतात तसं. तुमच्याकडे खतखतं शिजतंय, म्हणाली. मी म्हटलं हो. गडग्याकडच्या परड्यात अबोली फुललीय. हो. पोदेराच्या भट्टीत आज नारळाची लाकडं आहेत. असतील. एकेक करून तिनं सगळं गाव घेतलं.

मग म्हणाली, "आणि पावडर तीच गो?"

मी म्हटलं तीच. पन्नाशी उलटली तरी तीच.

पुढच्या चवथीला ताट घ्यायला सड्यावर कुणी उरलं नव्हतं. पण आम्ही बसलो त्या संध्याकाळी मी उतारावर वळले आणि मागे बघितलं, तेव्हा ती तिथंच होती. माझी कदेल तिनं आत नेली नव्हती. रिकाम्या कदेलीकडे तोंड करून बसली होती, आणि वारा अजून तिच्याकडेच येत होता.